लम सगळ्यांची लाडकी, मग शिनोबूचं काय चुकलं?

पाऊसखुणा

(पुढे कथेचा शेवट उघड होणार आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी आधी बघून या, धागा इथेच आहे.)

'उरुसेई यात्सुरा' या जपानी अ‍ॅनिमेची, म्हणजे कार्टूनची, नवी मालिका (२०२२ ते २०२४, एकूण ४६ भाग) गेल्या आठवड्यात बघून संपली. मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, आधी वाचलेला, त्यामुळे काय होणार ते ठाऊक होतं, तरी शेवटच्या भागाला डोळे भरून आले. मग नेहमीसारखी इतरांच्या प्रतिक्रिया वाचत बसले आणि मन खट्टू झालं. लमवर जीव ओवाळून टाकणारे हजारो लोक आणि शिनोबूच्या वाट्याला काय, तर 'रडूबाई', 'संशयी', 'आधी अतारू, मग मेन्दो, हिला नक्की हवंय काय', 'ही नसती तरी चाललं असतं'.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. परग्रहावरचे ओनी, म्हणजे शिंगवाले राक्षस, पृथ्वी जिंकायला येतात. त्यांचा नियम असा की पृथ्वीच्या एका प्रतिनिधीनं त्यांच्या राजकन्येशी पकडापकडी खेळायची आणि दहा दिवसांत तिची शिंगं पकडून दाखवायची. कॉम्प्युटर नाव काढतो अतारू मोरोबोशीचं. शुक्रवारी, १३ तारखेला जन्मलेला, जगातला सगळ्यात कमनशिबी आणि सगळ्यात बाईलवेडा पोरगा. राजकन्या म्हणजे लम. ती उडते, हा जमिनीवर धावतो. नऊ दिवस हात हलवत परत येतो. तेव्हा शिनोबू, त्याची लहानपणापासूनची मैत्रीण, त्याला म्हणते की जिंकलास तर मी तुझ्याशी लग्न करीन. त्या जोरावर तो जिंकतो, शिंगं धरून 'आता लग्न!' असं ओरडतो आणि लमला वाटतं हा आपल्यालाच मागणी घालतोय. झालं, ती त्याच्या घरी राहायलाच येते.

म्हणजे पृथ्वी वाचली ती शिनोबूच्या शब्दामुळे. आणि त्याच दिवशी तिचं लग्न मोडलं.

यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट पडद्यामागची आहे. रुमिको ताकाहाशींनी १९७८ साली 'शोनेन संडे' साप्ताहिकात ही मालिका सुरू केली तेव्हा नायिका शिनोबूच होती. लम फक्त पहिल्या गोष्टीपुरती पाहुणी. दुसऱ्या गोष्टीत ती दिसतही नाही. तिसऱ्या गोष्टीत ताकाहाशींनी तिला परत आणलं आणि ती जी राहिली ती १९८७ पर्यंत, ३४ खंड. प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकीवर प्रेम करायचं तर दुसरीला नावं ठेवायलाच हवीत का? तुम्हाला शिनोबू का आवडत नाही, किंवा का आवडते, खरं खरं सांगा.

आगकाडी

लम. विषय संपला. :)

घाटावरचा

तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो, मला शिनोबू नाही आवडत. लमला काय हवंय ते पहिल्या दिवसापासून स्वच्छ आहे आणि ती ते तोंडावर सांगते. 'हा माझा डार्लिंग, याच्याकडे कोणी बघायचं नाही.' राग आला की विजेचा झटका, प्रेम आलं की मिठी, आत एक बाहेर एक असं काही नाही. शिनोबूचं तसं नाही. अतारू नको म्हणते, पण लम त्याच्या जवळ गेली की जळते. मेन्दो शाळेत आला, श्रीमंत आहे, देखणा आहे, की लगेच पाघळली. मेन्दो तिच्याशी नीट वागतो का? नाही, त्याचं लक्ष लमकडे. तरी ही तिथेच. मला चीड येते ती याची.

निळीशाई

@घाटावरचा, तुम्ही जे दोष म्हणून सांगितलेत ते सोळा-सतरा वर्षांच्या कुठल्याही मुलीत असतात. शिनोबू त्या सबंध गावात एकटी अशी आहे जी आपल्यासारखी वागते. बाकी सगळे राक्षस, हिमराण्या, तेन्गू, भुतं, नाहीतर भुतांहून विचित्र माणसं. आपला मित्र समोर दुसऱ्या मुलींच्या मागे पळतोय तर जळणार नाही का माणूस? लम जळली की वीज पडते म्हणून आपण हसतो. शिनोबू जळली की 'संशयी'.

आणि रडूबाई कुठून काढलं लोकांनी? ती वर्गातलं बाक एका हाताने उचलून फेकते! सबंध मालिकेत तिच्या ताकदीचा माणूस नाही. तिच्याकडे ना शिंगं, ना वीज, ना उडणं. जे आहे ते स्वतःच्या दंडात.

एक गोष्ट विसरू नये. ही मालिका सुरू झाली तेव्हा ताकाहाशी वीस वर्षांच्या होत्या, विद्यापीठात शिकत होत्या, आणि मुलांच्या साप्ताहिकात लिहीत होत्या. मला नेहमी वाटतं की शिनोबूचा राग त्यांनी फार जवळून ओळखून लिहिलाय. तो खोटा कुठेच वाटत नाही.

पाऊसखुणा

निळीशाई, 'जे आहे ते स्वतःच्या दंडात' हे वाक्य मी वहीत लिहून ठेवतेय.

ओसाका_डायरी

मी कामानिमित्त आठ वर्षं जपानात आहे, म्हणून थोडं इथलं सांगतो.

लमकडे बघताना इथल्या माणसाच्या मनात जे उमटतं ते आपल्याकडे पोचत नाही. ओनी इथे लहान मुलालाही ठाऊक असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन येतो, बहुतेक वर्षी ३ तारखेला. दुकानात भाजलेल्या सोयाबीनच्या पाकिटाबरोबर ओनीचा कागदी मुखवटा मिळतो. घरातल्या बाबानं मुखवटा लावायचा आणि पोरांनी 'ओनी बाहेर, सुख आत' असं ओरडत त्याला दाणे मारायचे. दरवर्षी घराबाहेर हाकलला जाणारा हा ओनी ताकाहाशींनी घेतला आणि हाकलूनही जात नाही अशी गोड मुलगी करून घरात बसवला. इथल्या लोकांना पहिल्या पानावरच हसू फुटलं असणार.

तिची वाघाच्या कातड्याची बिकिनी निव्वळ दिखाव्यासाठी नाही. जुन्या समजुतीप्रमाणे ईशान्य दिशा म्हणजे ओनीचं दार. बारा राशींच्या प्राण्यांनी दिशा मोजायची इथली जी पद्धत, तिच्यात ईशान्य येते बैल आणि वाघ यांच्यामध्ये. म्हणून ओनीला बैलाची शिंगं आणि कमरेला वाघाचं कातडं. क्योतोच्या ईशान्येला हिएई डोंगरावर एन्र्याकुजी हे मोठं मंदिर आहे, तेही राजधानीचा हा कोपरा राखतं असंच मानत.

आमच्या ऑफिसात साठीकडे झुकलेले एक साहेब आहेत. त्यांना धाग्यातला प्रश्न विचारला. ते म्हणाले, बुधवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही टीव्हीसमोर बसायचो (जुनी मालिका १९८१ ते १९८६, १९५ भाग), वर्गातली सगळी मुलं लमची होती आणि मी एकटा शाळेच्या नर्स साकुरा बाईंचा. शिनोबूचं नाव काढल्यावर जरा थांबले. म्हणाले, 'माझ्या बायकोला आवडायची.'

नऊवारी

ईशान्य!! आमच्याकडे वास्तू बघणारे गुरुजी ईशान्य कोपऱ्यात देवघर ठेवा म्हणून जीव खातात. देवाचा कोपरा. आणि तिकडे तोच राक्षसाचा दरवाजा. हे वाचून सकाळपासून हेच डोक्यात आहे.

संत्राबर्फी

ओसाका_डायरी, भारी माहिती. आमच्या नागपुरात तान्हा पोळ्याच्या दिवशी मारबत निघते. काळी आणि पिवळी, आणि लोक ओरडतात, 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!' गावाबाहेर नेऊन तिला जाळतात. लहानपणी मला मारबतीची दया यायची, सगळ्यांचं वाईट घेऊन जाते बिचारी, आणि तिलाच जाळतात. लम मला पहिल्यांदा बघता क्षणी आवडली त्याचं मूळ कदाचित तिथे असेल.

तिरफळ

एक प्रश्न, ओसाका_डायरी. लम वाक्याच्या शेवटी सारखं 'दाच्चा' का म्हणते?

ओसाका_डायरी

@तिरफळ, 'दाच्चा' कानाला ईशान्य जपानातल्या सेन्दाईकडच्या बोलीसारखं लागतं. स्वतःला ती 'उची' म्हणते, ते तिकडचं नाही, पश्चिमेकडच्या बायकांच्या तोंडी जास्त. म्हणजे दोन-तीन गावांचं मिळून तिचं एक बोलणं झालंय. परग्रहावरून आलेली मुलगी प्रमाणभाषा न बोलता गावाकडचं बोलते, लोकांना ती परकी वाटली नाही त्यात या बोलण्याचा मोठा वाटा आहे. इंग्रजी उपशीर्षकांत ही सगळी गंमत हरवते.

तिरफळ

म्हणजे मराठीत लम मालवणीच बोलतली! 'डार्लिंग, तू खंय गेल्लस? माका सांगान जावक काय झाला?' आणि मग वीज.

संत्राबर्फी

चूक! लम नागपूरचीच. 'डार्लिंग, कुठी गेला होता बे तू?' आणि मग वीज.

आगकाडी

दोन्हीकडे वीज आहे म्हणजे लोडशेडिंगचा प्रश्न मिटला. :)

नऊवारी

बेन्तेनबद्दल कोणीच कसं बोललं नाही? लमची ती मैत्रीण, अंगावर साखळ्या, अंतराळात मोटरसायकल उडवते, पुरुषी बोलते, सतत भांडायला तयार. मी तिच्यावर फिदा होते. एकदा सहज तिच्या नावाचा शोध घेतला आणि खुर्चीतून उठून उभी राहिले. बेन्तेन म्हणजे बेन्झाईतेन, आणि बेन्झाईतेन म्हणजे आपली सरस्वती! सुवर्णप्रभास सूत्रासारख्या बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात पोचली, हातात वीणेच्या जागी बिवा आलं, आणि पुढे सात भाग्यदेवतांत जाऊन बसली. त्या सातांतली ती एकटी बाई. त्याच सातांतला दाइकोकुतेन म्हणजे महाकाल आणि बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. मांगात सेत्सुबुनला ओनी आणि भाग्यदेवता यांची लढाई होते, तिथे बेन्तेन एका बाजूला आणि लम दुसऱ्या. एरवी दोघी जिवलग.

आईला दाखवलं तर मला वाटलं रागावेल. दसऱ्याला ती अजून पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढते. तिनं चित्र निरखून बघितलं, म्हणाली, 'गाडी नीट चालवते ना?'

निळीशाई

नऊवारी, आईंना माझा नमस्कार सांगा.

दोनचहा

मला मुख्य प्रश्नच वेगळा पडलाय. शिनोबू का आवडत नाही हे राहू द्या, अतारू लोकांना आवडतोच कसा? मी चार भाग बघितले आणि सोडून दिलं. दिसेल त्या मुलीचा पत्ता आणि फोन नंबर मागायचा, नको म्हटलं तरी अंगाला लागायचं, आणि हे सगळं विनोद म्हणून. मी रोज लोकलने जाते, असले अतारू मला फुकट भेटतात. १९७८ साल होतं हे मला ठाऊक आहे, तरी बघवलं नाही. आणि लमसारख्या मुलीनं सगळं सोडून अशा पोराच्या मागे राहावं, हे प्रेम म्हणून दाखवतात त्याचं वाईट वाटलं.

गच्चीवरून

@दोनचहा, तुमचं पटलं. म्हणूनच मला याला 'हारेम' म्हणणंही पटत नाही. हारेममध्ये सगळ्या मुली एका मुलावर प्रेम करतात, इथे सगळ्या त्याच्यापासून पळतात. हारेम फक्त अतारूच्या डोक्यात आहे.

खरा हारेम बघायचा तर 'रोझारियो प्लस व्हॅम्पायर' घ्या. त्सुकुने हा साधा मुलगा चुकून राक्षसांच्या शाळेत जातो. मोका व्हॅम्पायर, कुरुमू सक्युबस (पुरुषांना भुलवणारी राक्षसीण), युकारी चेटकीण, मिझोरे हिमकन्या, आणि सगळ्यांना हाच हवा. तिथे प्रेक्षकांचं भांडण आणखी गमतीचं, कारण ते एकाच मुलीच्या दोन रूपांवर आहे. गळ्यातला क्रूस काढला की गुलाबी केसांची लाघवी मोका जाते आणि चंदेरी केसांची, लाल डोळ्यांची, लाथ घालणारी मोका येते. दोघींचे भक्त एकमेकांशी बोलत नाहीत!

अजून एक भांडण आहे ते २००८ च्या अ‍ॅनिमेवरून. मांगा (अकिहिसा इकेदा, २००४ ते २०१४, दोन पर्वं) हळूहळू गंभीर होत जातो, पात्रांना जखमा होतात, त्सुकुने स्वतः बदलत जातो. अ‍ॅनिमेनं ते सगळं गाळलं आणि उरलं काय तर उडणारे स्कर्ट. मांगा वाचलेले लोक अजून हळहळतात आणि मीही त्यातलाच. मिझोरेची एकटेपणाची गोष्ट मांगात वाचा म्हणजे कळेल काय हरवलं ते.

आगकाडी

मिझोरे! सदानकदा तोंडात लॉलिपॉप, आणि तो खाऊ म्हणून नाही, अंग थंड ठेवायला. पुण्याच्या मे महिन्यात मलाही तो द्या कोणीतरी.

घाटावरचा

हिमकन्येचा विषय निघालाच आहे तर ओयुकीसमोर मिझोरे लिंबूटिंबू. ओयुकी नेपच्यूनची राणी, आवाज कधी चढवत नाही, हसून बोलते, आणि खोलीतलं तापमान खाली येतं. लम आणि बेन्तेन जगात कोणाला घाबरत नाहीत, तिला घाबरतात.

@दोनचहा, तुमच्या मुद्द्यावर मी पुरुष म्हणून काही बचाव करणार नाही. अतारू तसा आहेच. पण ताकाहाशी त्याला कधी जिंकू देत नाहीत. प्रत्येक वेळी थप्पड, वीज, बाक, हातोडा. आणि चार भागांत जो अतारू दिसतो तो पुरा अतारू नाही.

पाऊसखुणा

@दोनचहा, सोडून दिलंत त्यात काही चूक नाही. फक्त एक गोष्ट सांगू का? 'शेवटची भेट' नावाची.

नोझोमी नावाची एक मुलगी. आजारपणात गेली, आता भूत आहे. जिवंत असताना खिडकीतून तिला अतारू दिसायचा आणि त्याच्यासाठी तिनं लोकरीचे कपडे विणले होते, ते द्यायचे राहून गेले. त्याच्याबरोबर एक दिवस फिरून यायचं एवढीच इच्छा शिल्लक. अतारू जातो. दिवस कडक उन्हाळ्याचे. ती एकेक वस्तू पुढे करते आणि हा स्वेटर, मफलर, हातमोजे सगळं घालतो. लोक वळून बघतात. घामाच्या धारा लागल्यात आणि हा एका शब्दानं गरम होतंय म्हणत नाही. त्या दिवशी तो दुसऱ्या कुठल्याही मुलीकडे बघत नाही. रात्री आतषबाजी होते आणि ती जाते. लमला सगळं ठाऊक असतं, ती मध्ये येत नाही.

ती गोष्ट वाचली तेव्हा मला माझी आत्तेबहीण आठवली. ती बारावीत असताना गेली. तिनं विणलेली अर्धी टोपी अजून आत्याच्या कपाटात आहे. मी अतारूला त्या दिवसापासून माफ केलं. सगळ्यांनी करावं असं नाही म्हणत.

निळीशाई

पाऊसखुणा, काय लिहू. वाचलं.

दोनचहा

@पाऊसखुणा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बघते.

घाटावरचा

थोडं दुसरीकडे नेतो. नव्या मालिकेवर जुन्या प्रेक्षकांची एक तक्रार सतत दिसते, मेगाने कुठे गेला? मूळ मांगात तो लमच्या चार भक्तांपैकी एक, मेन्दो आल्यावर ही चौकडी मागेच पडते. पण जुन्या अ‍ॅनिमेत दिग्दर्शक मामोरू ओशीई आणि आवाज देणारे शिगेरू चिबा यांनी त्याला मोठा केला. चष्मेवाला एक साधा पोरगा, लमसाठी पानपानभर भाषणं ठोकतो, आणि ते भाषण ऐकताना हसता हसता गळा दाटतो. नवी मालिका मांगाला धरून आहे म्हणून तो पुन्हा लहान झाला. नियमानं बरोबर आहे, पण मला चुकल्यासारखं होतं.

आणि ओशीईंचा 'ब्यूटिफुल ड्रीमर' (१९८४) हा या सगळ्यातला मुकुटमणी. शाळेच्या उत्सवाचा आदला दिवस पुन्हा पुन्हा येत राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. बाकी सगळं विसरलो तरी तो रात्रीचा रिकामा रस्ता विसरणार नाही.

निळीशाई

सिनेमा देखणा आहे, वादच नाही. पण मला तो ताकाहाशींच्या जगाचा वाटत नाही, ओशीईंच्या जगाचा वाटतो. तिथे सगळे स्वप्न आणि काळ यांवर बोलतात. मांगात त्याच माणसांनी बटाट्याच्या भजीवरून मारामारी केली असती.

मात्र एका गोष्टीसाठी तो सिनेमा या धाग्यात हवाच. ते सगळं स्वप्न लमचं असतं, सगळ्यांबरोबर असंच कायम आनंदात राहायचं. आणि त्या स्वप्नातून एकेक करून कोण नाहीशी होत जाते आठवा. रिऊनोसुके, शिनोबू, साकुरा.

घाटावरचा

अरे हो. पंधरा वेळा बघितलाय, आणि हे असं मांडून कधी बघितलं नव्हतं.

गच्चीवरून

आणि त्याच सिनेमात अतारूला शेवटी त्याचा हारेम मिळतो ना स्वप्नात. सगळ्या मुली हजर. आणि हा विचारतो, लम कुठे आहे? तिच्याशिवाय त्याला तो हारेम नको. मला वाटतं लमवर प्रेम आहे हे तो सगळ्यात स्पष्ट तिथेच सांगतो.

ओसाका_डायरी

रिऊनोसुकेचं नाव निघालं म्हणून. बापानं हट्टानं मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी, जिचं सगळ्यात मोठं स्वप्न एकदा मुलींचा गणवेश घालायचा. व्हॅलेंटाइनला शाळेतल्या मुली तिलाच चॉकलेट देतात. जुन्या मालिकेत तिचा आवाज मायुमी तानाका यांचा, ज्या आज 'वन पीस'मधल्या लुफीचा आवाज म्हणून घराघरांत माहीत आहेत. आणि नव्या मालिकेत जुन्या लमचा आवाज, फुमी हिरानो, लमच्या आईसाठी घेतलाय, जुना अतारू तोशिओ फुरुकावा नव्या अतारूच्या बाबांसाठी. आमचे साहेब पहिल्यांदा ऐकून कौतुकानं टेबलावर हात आपटत होते.

तिरफळ

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. रिऊनोसुकेच्या गोष्टी तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवल्या. मग म्हणाली, 'बाबा, तिला गणवेश घ्यायला काय जातंय त्याचं?' मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती जे टी-शर्ट मागत होती आणि मी नको म्हणत होतो, ते घेऊन आलो.

कौलारू

बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

धाग्याचा मूळ प्रश्न शिनोबूचा होता आणि इनाबाचं नाव अजून कोणीच काढलं नाही. मांगाच्या उत्तरार्धात येतो. सशाचा वेश घालून फिरणारा एक भाबडा मुलगा, माणसांची नशिबं जिथे तयार होतात तिथे कामाला. त्याचं नाव 'कोजिकी' या जुन्या जपानी ग्रंथातल्या इनाबाच्या पांढऱ्या सशावरून. त्या गोष्टीत वेगवेगळ्या भविष्यांची दारं आहेत. एका दारातून शिनोबूला अतारूशी लग्न होऊन संसार थाटलेला दिसतो. म्हणजे पहिल्या गोष्टीत जे मोडलं तेच तिच्यासमोर पुन्हा येतं. आणि तिथून पुढे तिची वाट इनाबाकडे वळते.

इनाबा तिच्या ताकदीला घाबरत नाही. तिच्याशी आदरानं वागतो, तिच्याशिवाय दुसरीकडे बघत नाही. मेन्दोसारखा श्रीमंत नाही, अतारूसारखा पळपुटा नाही. घाटावरचा म्हणाले शिनोबूला नक्की काय हवंय. माझ्या मते तिला एवढंच हवं होतं की कोणीतरी पूर्ण लक्ष तिच्याकडे द्यावं. तिनं ते अतारूकडे मागितलं, मेन्दोकडे मागितलं, आणि मिळालं नाही म्हणून आपण तिला नावं ठेवली.

माझं स्वतःचं पहिलं लग्न ठरून मोडलं होतं. दुसऱ्या कोणाला दोष द्यावा असंही काही नव्हतं त्यात. त्या काळात माझ्याकडेही लोक 'हिचंच काहीतरी असेल' असं बघायचे. म्हणून शिनोबू माझी आहे. तिला सशाच्या वेशातलं का होईना, स्वतःचं माणूस मिळालं हे वाचून मी त्या रात्री फार शांत झोपले होते.

पाऊसखुणा

कौलारू, तुम्ही लिहायला लागा हो. इतके दिवस गप्प का होतात? माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्याकडून मिळालं.

घाटावरचा

कौलारूताई, माझा वरचा प्रतिसाद मी मागे घेतो. इनाबाची गोष्ट वाचली होती पण शिनोबूकडे बघत वाचली नव्हती, लम काय करतेय तेच बघत होतो. पुन्हा वाचतो.

गच्चीवरून

शेवटाबद्दल कोणीतरी लिहा ना. पुन्हा पकडापकडी, पुन्हा दहा दिवस, आणि अट अशी की अतारूनं 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणायचं, नाहीतर पृथ्वीवरचे सगळे ओनींना विसरणार. आणि हा पठ्ठ्या म्हणतच नाही! सगळं गाव त्याच्या पाया पडतंय. त्याच्या हट्टावरून मी आणि भाऊ दोन दिवस भांडलो. भावाचं म्हणणं, अहंकार. माझं म्हणणं, धाक घालून वदवलेलं प्रेम लमनं तरी खरं कसं मानायचं?

निळीशाई

आणि तो म्हणत नाही, पण धावता धावता पडतो तेव्हा त्याच्या मुठीत लमचं गळून पडलेलं शिंग असतं. इतके दिवस जपून ठेवलेलं. लमला ते दिसतं आणि ती झेपावते. मग ती म्हणते, आयुष्यभर मागे लागेन पण वदवून घेईन. तो म्हणतो, मरताना सांगेन. म्हणजे मरेपर्यंत बरोबर राहणार हे त्यानं सांगूनच टाकलं.

नऊवारी

मुठीतलं शिंग! परत रडवलंत.

दोनचहा

'शेवटची भेट' बघितली. एवढ्या उन्हात मफलर. आतषबाजीला मी स्क्रीन थांबवून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

अतारूला माफ केलं असं अजून म्हणणार नाही. पण पाचव्या भागापासून पुढे बघायला घेतेय.

पाऊसखुणा

बघा, आणि बघताना शिनोबूकडे लक्ष ठेवा. बाक उचलायच्या आधी ती एक क्षण डोळे मिटते.